उणे एक : डच फुटबॉल संघटनेला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, पदाधिकारी आणि परवाना समितीचे सदस्य,
रॉयल डच फुटबॉल संघटना (केएनव्हीबी), झाइस्ट.

स. न. वि. वि.

पत्र मराठीत पाहून आपण बुचकळ्यात पडाल. डच भाषांतर सोबत जोडलंय. माझं डच दुकानात, दवाखान्यात आणि शाळेच्या पालकसभेत निभावतं, पण मनातलं सगळं बोलायचं आणि पायरीही सोडायची नाही, हे मला मराठीतच जमतं. शिवाय हे पत्र आपल्याइतकंच माझ्या गावाकडच्या माणसांनीही वाचावं अशी इच्छा आहे, म्हणून ते उघडं ठेवतोय.

विषय व्हितेसचा. आपण म्हणाल, तो तर संपला. ९ जुलै २०२५ ला परवाना समितीने अर्नहेमच्या या क्लबचा व्यावसायिक परवाना काढून घेतला. ३१ जुलैला अपील फेटाळलं गेलं. ८ ऑगस्टला उत्रेख्तच्या न्यायालयातही क्लब हरला. आणि ३ सप्टेंबरला अपील न्यायालयाने निकाल फिरवून परवाना परत दिला. झालं गेलं ऱ्हाईनला मिळालं! ऑफिसात, ट्रॉलीबसमध्ये, मुलीच्या शाळेच्या दारात मला सगळे हेच सांगतात: मिळाला ना परत, मग आता कशाला उगाळतोस?

उगाळतो, कारण चोरीला गेलेली सायकल परत मिळाली तरी कुलूप अजून मोडकंच आहे. उद्या पुन्हा कुणीही यावं आणि घेऊन जावं.

आधी मी कोण ते सांगतो. मी मूळचा कोल्हापूरचा. आपल्याला ते गाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण क्रिकेटच्या देशात राहून फुटबॉलचं वेड जपणाऱ्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यातली ती एक. तिथं शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, शिवाजी, प्रॅक्टिस असे संघ खेळतात. बहुतेक संघ तालमींचे, म्हणजे पेठेतल्या कुस्तीच्या आखाड्यांतून उभे राहिलेले. कुठल्या घरातलं पोर कुठल्या संघाचं, हे बारशाच्या आधी ठरलेलं असतं. माझा संघ कोणता ते इथं लिहीत नाही; मला सुट्टीत घरी जायचंय. सांगायचं एवढंच की या संघांना मालक नसतो. पेठ असते, मंडळ असतं, वर्गणी असते, भांडणं तर हवी तेवढी. गॅलरीतल्या हाणामाऱ्यांपायी सामने थांबलेले मी पाहिलेत, त्यामुळे तिथं सगळं गोडच आहे असं सांगणार नाही. पण एखाद्या परदेशी माणसाने येऊन अख्खी तालीम खिशात घातली आणि बारा वर्षांनी खिसा झटकून निघून गेला, असं तिथं होऊच शकत नाही. तालीम विकायची म्हटलं तर ती विकणार कोण?

२०१४ साली नोकरीसाठी मी इथं आलो. राहायला अर्नहेमला, नोकरी नायमेखनला. म्हणजे रोज सकाळी रेल्वेने पंधरावीस मिनिटांत शत्रूच्या, म्हणजे व्हितेसच्या वैरी क्लबच्या, गावात जायचं, भाकरी कमवायची आणि संध्याकाळी परत यायचं. आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी मला पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा मफलर दिला आणि विचारलं, "तुला थंडी वाजते ना?" थंडी वाजतच होती. तेव्हापासून मी व्हितेसचा.

घेतला तेव्हा मफलर एवढा जुना आहे हे माहीत नव्हतं. पुढे आजोबांकडूनच कळलं. क्लबची स्थापना १४ मे १८९२ ची; आपल्या संघटनेहून अवघी तीन वर्षं धाकटी. देशातल्या आजच्या व्यावसायिक क्लबांत रॉटरडॅमच्या स्पार्टाखालोखाल जुना. गंमत म्हणजे मुळात हा क्लब क्रिकेटचा. १८८७ मध्ये अर्नहेमच्या काही विद्यार्थ्यांनी तो काढला, तो मोडला, आणि १८९२ मध्ये पुन्हा उभा राहिला तेव्हा उन्हाळ्यात क्रिकेट आणि थंडीत फुटबॉल असा बेत ठरला. हे ऐकून मी हसलो तेव्हा आजोबांना कारण कळेना. क्रिकेटमधून सुटून फुटबॉलकडे आलेला मी एकटाच नव्हतो, एवढंच.

जुनेपणाच्या मानाने हाती फार काही लागलेलं नाही. १९१३, १९१४, १९१५ अशी सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपदाच्या उंबरठ्यावरून परत. १९८४ मध्ये कारेल आल्बर्स अध्यक्ष झाले तेव्हा क्लब मरायला टेकलेला होता. १९८९ मध्ये वरच्या लीगमध्ये चढला, पहिल्याच हंगामात चौथा आला, १९९० मध्ये डच चषकाच्या अंतिम सामन्यात आइंदहोवेनच्या पीएसव्हीकडून एका गोलने हरला. फिलिप कोकू, रॉय माकाय इथंच मोठे झाले. १९९७-९८ मध्ये ग्रीसच्या निकोस माखलासने ३४ गोल मारले आणि युरोपातल्या सगळ्यांत जास्त गोल करणाऱ्याचा सोनेरी बूट अर्नहेमला आला. त्याच हंगामात, २५ मार्च १९९८ ला, क्लबचं स्टेडियम गेलरेडोम उघडलं. (इथले लोक घशातून 'खेलरेडोम' म्हणतात, मला बारा वर्षांत जमलेलं नाही.) छप्पर मिटतं आणि अख्खं मैदान ताटासारखं स्टँडखालून बाहेर सरकतं, गवताला ऊन मिळावं म्हणून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्याकडचा अंथरूण गुंडाळून भिंतीशी लावायचा रिवाज आठवला. मग २००० मध्ये मोठा प्रायोजक गेला, आल्बर्स गेले, आणि पैशांची तंगी सुरू झाली ती कायमची.

आता एक खाजगी गोष्ट. माझी मुलगी इथंच जन्मली. आकडे ती सामन्याला शिकली. खेळाडू बाहेर आले की पाठीवरचे नंबर मोजायचे. एक, दोन, तीन, पाच. दर वेळी ती अडायची आणि विचारायची, "बाबा, चार कुठंय?" चार नंबर तेओ बोसचा. पंधरा हंगाम एकाच क्लबकडून बचाव करत राहिलेला माणूस, 'मिस्टर व्हितेस', आणि तो जन्मला कुठं तर नायमेखनला! २८ फेब्रुवारी २०१३ ला कर्करोगाने गेला. तेव्हापासून तो नंबर कुणाला देत नाहीत आणि दक्षिणेकडचा स्टँड त्याच्या नावाने आहे. सहा वर्षांच्या पोरीला हे सगळं कसं समजावणार? मी म्हटलं, चार नंबर सुट्टीवर गेलाय. ती म्हणाली, "मग त्याची जागा कुणी घ्यायची नाही." एवढं तिला कळलं होतं.

क्लब म्हणजे हा न दिलेला नंबर. सप्टेंबरमध्ये १९४४ च्या अर्नहेमच्या लढाईच्या आठवणीचा एअरबोर्न सामना होतो तेव्हा बॅगपाइप वाजतात, नव्वदीच्या पुढचे ब्रिटिश माजी सैनिक मैदानात आणले जातात आणि एरवी शिव्यांखेरीज बोलू न शकणारी पोरं उभी राहून टाळ्या वाजवतात, तोही क्लबच. परवाना नावाच्या कागदावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं, हे मला समजतं. पण परवाना रद्द होतो तेव्हा हेही सगळं जातं.

आता १९ एप्रिल २०२४. मी कामावरून येत होतो. आजोबा फाटकाशी उभे, हातात किराण्याचं बिल. बिलाच्या मागे त्यांनी पेन्सिलीने हिशेब मांडला होता: १७ − १८. खाली रेघ, आणि रेघेखाली −१. बरोबर आलंय का म्हणून त्यांनी बिल माझ्यापुढे धरलं. माणूस आयुष्यभर हिशेबनीस होता हो. वजाबाकी चुकत नव्हती, तरी विचारत होता. परवान्याचे नियम मोडल्याबद्दल आपण त्या दिवशी व्हितेसच्या हंगामातल्या १७ गुणांतून १८ गुण कापले होते. पस्तीस वर्षांनी क्लब खालच्या लीगमध्ये गेला. बिल मी परत दिलं, त्यांनी ते माझ्याच हातात ठेवलं. "तू ठेव," म्हणाले, "मला नको."

ते बिल समोर ठेवूनच माझ्या तक्रारी लिहितोय.

पहिली तक्रार सगळ्यांत मोठी. दंड चुकीच्या माणसांनी भरला.

२०१० मध्ये जॉर्जियाचे मेराब जॉर्दानिया यांनी क्लब विकत घेतला. डच व्यावसायिक क्लबचा पहिला परदेशी मालक. २०१३ मध्ये तो अलेक्झांडर चिगिरिन्स्की यांच्याकडे गेला, २०१८ मध्ये रशियाच्या व्हॅलेरी ऑयफ यांच्याकडे. या काळात लंडनच्या चेल्सी क्लबची पोरं लोनवर, म्हणजे उसनी, ओळीने येत राहिली. मेसन माउंट आमच्याकडे खेळला, नेमान्या मातिच खेळला, बर्ट्रांड ट्रावरे खेळला. आम्हाला मजा आली, खोटं कशाला बोलू? २०१३ च्या हिवाळ्यात काही काळ आम्ही गुणतक्त्यात सर्वांत वर होतो. ३० एप्रिल २०१७ ला, क्लबच्या १२५ व्या वर्षी, पहिला मोठा चषक आला: अल्कमारच्या एझेडवर २-०, दोन्ही गोल रिकी फान वोल्फ्सविंकेलचे. मी त्या दिवशी रॉटरडॅमला होतो. आजोबा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. कोल्हापुरात असतो तर गुलाल उधळला असता; इथं अंगावर बिअर पडली, तीही चालली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तर एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. रविवारी नायमेखनच्या मैदानावर डर्बी जिंकली आणि आमच्याच लोकांच्या उड्यांनी स्टँडचा एक भाग खाली बसला. सुदैवाने कुणाला मोठी इजा झाली नाही. आणि गुरुवारी इंग्लंडच्या टॉटनहॅमला १-० हरवलं. पुढचा महिनाभर ऑफिसात मी कॉफी प्यायला मुद्दाम जास्त वेळा उठत होतो.

हे सगळं कुणाच्या पैशावर चाललंय हा प्रश्न आम्ही विचारला नाही, ही आमची चूक. ती मी पदरात घेतो. पण तो प्रश्न विचारणं आमचं काम नव्हतं, आपलं होतं. चेल्सीशी असलेल्या नात्याची चौकशी आपण केली आणि हाती काही लागलं नाही म्हणालात. २०२३ मध्ये फुटलेल्या कागदपत्रांच्या आधारे ब्रिटिश पत्रकारांनी लिहिलं की मालकांच्या मागचा पैसा चेल्सीचे त्या काळचे मालक रोमन अब्रामोविच यांच्याशी जोडलेल्या कंपन्यांकडून कर्जाऊ येत होता. यात खरंखोटं किती हे ठरवायला मी न्यायाधीश नाही. पण ज्या गोष्टीचा माग काढायला पत्रकारांना कागद पुरले, त्यासाठी आपल्याजवळ तर क्लबची हिशेबाची वहीसुद्धा होती.

मग गुण कापायची वेळ आली तेव्हा कुणाचे कापले गेले? जॉर्दानिया तोवर कधीच गेले होते. चिगिरिन्स्की गेले होते. ऑयफ जाण्याच्या वाटेवर होते. स्टँडमध्ये उरलो आम्ही. दारू कुणी प्यायली आणि बिल कुणाच्या ताटाखाली सरकवलं!

दुसरी तक्रार वेळेची. मार्च २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या रशियाच्या हल्ल्यानंतर, ऑयफ यांनी क्लब सोडायचं जाहीर केलं. अमेरिकेचे कोली पॅरी घ्यायला तयार झाले. त्यांना नकार देईपर्यंत २०२४ उजाडलं. मधल्या काळात क्लब चालत होता तो त्यांच्याच कर्जावर. म्हणजे ज्याला मालक व्हायला आपण नालायक ठरवलं, त्याच्याच हातात क्लबची नाडी सगळा वेळ होती. नकार चुकीचा होता असं मी म्हणत नाही. तो पहिल्या तीन महिन्यांत आला असता तर क्लबवर त्या कर्जाचा गळफास बसला नसता, एवढंच म्हणतोय. आमच्याकडे मुलगी बघायला येणारेसुद्धा आठवड्यात हो-नाही कळवतात.

तिसरी, पुन्हा पुन्हा मारण्याची. खालच्या लीगमध्ये २०२४-२५ चा हंगाम आम्ही कसा काढला ते आपल्याला माहीत आहे. एक सामना जिंकायचा, पुढच्या महिन्यात गुण कापल्याचं पत्र. पुन्हा जिंकायचं, पुन्हा पत्र. विशी-बाविशीतली पोरं त्या पिवळ्या-काळ्या शर्टात दर आठवड्याला उणे आकड्यांविरुद्ध खेळत होती. त्यांनी कुणाची कागदपत्रं लपवली होती? तरी गेलरेडोममध्ये लोक येत राहिले. सामन्याआधी क्लबचा हर्टोग नावाचा गरुड छताखाली घिरटी मारून हातावर उतरायचा आणि माझी मुलगी दर वेळी म्हणायची, "याचे गुण नाही कापले अजून."

चौथी तक्रार थोडक्यात. ९ जुलै ते ३ सप्टेंबर हे छप्पन दिवस. या दिवसांत लीग आमच्याशिवाय सुरू झाली, वेळापत्रक आमचं नाव गाळून छापलं गेलं, खेळाडूंनी दुसरीकडे करार केले. त्यांना दोष देत नाही, पोट सगळ्यांनाच आहे. न्यायालयाने परवाना परत दिला तेव्हा परवाना ज्याच्यासाठी होता तो संघच विस्कटलेला होता. हे नुकसान कुठल्या खात्यात मांडायचं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

आपली बाजू मला दिसत नाही असं समजू नका. या क्लबकडून आपल्याला वेळेवर आणि खरी माहिती मिळाली नाही, नियम मोडले गेले, हे उघड आहे. १८ गुण कापले नसते तरी आम्ही त्या हंगामात १७ गुणांवर तळाशीच होतो. चांगला खेळणारा संघ तुम्ही बुडवला असं म्हणायची सोय मला नाही. झ्वोले किंवा अल्मेलोचा क्लब पै-पैचा हिशेब वेळेवर देतो आणि आम्ही देत नाही, तर त्यांनी का सोसावं? हा प्रश्न माझ्या नायमेखनच्या सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. नियम हवेतच. वचकही हवा. भांडण आहे ते छडी कुणाच्या पाठीवर पडते यावरून.

आणि हे पहिल्यांदा होत नाहीये. २०१० च्या जानेवारीत हार्लेम बुडालं. रुड खुलीतने जिथं व्यावसायिक फुटबॉलला सुरुवात केली तो, १९४६ चा राष्ट्रीय विजेता क्लब. २०११ मध्ये रोझेंडालचा आरबीसी. २०१३ च्या जानेवारीत अपेलडोर्नचा आगोव्ही, जिथून ड्रिस मेर्टेन्स वर आला. दोनच महिन्यांनी फेन्डामचा क्लब. अपेलडोर्न इथून मोटारीने अर्ध्या तासावर आहे. तिथला एक जण माझ्याच विभागात आहे. त्याच्या टेबलावर निळा मग असतो, आगोव्हीचा, कान तुटलेला. त्यात तो पेनं ठेवतो. जुलैमध्ये आमचा परवाना गेल्याची बातमी आली त्या दिवशी तो माझ्याजवळ आला, काही बोलला नाही, नुसता खुर्ची ओढून पाच मिनिटं बसला आणि गेला. आमच्याकडे सुतकात समाचाराला येतात तसं. व्हितेसच्या बाजूने मी ऐकलेलं ते सगळ्यांत चांगलं भाषण.

आता मागण्या. हात जोडून नाही आणि मूठ आवळूनही नाही. समोरासमोर बसून मागाव्यात तशा मागतोय.

२०१० ते २०२५ या पंधरा वर्षांत व्हितेसच्या मालकीवर देखरेख कशी झाली, याची चौकशी संघटनेबाहेरच्या माणसांकडून करून घ्या आणि अहवाल पूर्ण छापा. त्यात क्लबच्या चुका येऊ द्या, नगरपालिकेच्या येऊ द्या, आम्हा प्रेक्षकांच्या येऊ द्या. पण आपल्याही येऊ द्या. बाकी काही मान्य केलं नाहीत तरी एवढं करा.

नवा मालक यायचा असेल तर पैसा कुठून येतो हे आधी तपासा आणि निर्णयाला मुदत बांधून घ्या. तोवर त्या माणसाकडून क्लबला एक युरोही कर्ज घेता येऊ नये. मुदतीत निर्णय झाला नाही तर का झाला नाही हे जाहीर करा.

शिक्षेचा क्रम उलटा करा. माहिती लपवणारा मालक, सही करणारा संचालक यांना आधी दंड, बंदी, फुटबॉलचे दरवाजे बंद. गुण सर्वांत शेवटी, आणि कापायचेच असतील तर हंगाम सुरू होण्याआधी एकदाच सांगा. मग पोरांना निदान कुठून पळायला लागायचंय ते कळेल.

परवाना काढायचाच असेल तर त्यावरचं शेवटचं अपील लीग सुरू होण्याआधी निकाली निघेल अशा तारखा ठेवा. जुलैत निर्णय आणि सप्टेंबरात न्याय, असं यापुढे कुठल्याच क्लबच्या नशिबी नको, नायमेखनच्यासुद्धा. (हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.)

आणि पाचवी मागणी, माझ्या कोल्हापुरी डोक्यातून आलेली. जर्मनीची सीमा इथून अर्ध्या तासावर आहे. पलीकडे ५०+१ चा नियम आहे: मतांचं बहुमत क्लबच्या सभासदांकडेच राहतं. तेवढं इथं लगेच होणार नाही हे मी जाणतो. पण क्लबचं नाव, रंग, गाव आणि बोधचिन्ह यांवर, तसंच क्लब विकण्यावर, सभासद-प्रेक्षकांच्या संस्थेला नकाराचा एक हक्क द्या. एकच शेअर, पण त्याच्याशिवाय पान हलू नये असा. परवान्याच्या अटींत तो लिहून टाका, म्हणजे पुढचा मालक कितीही मोठा आला तरी त्याला आधी आमच्यासमोर बसावं लागेल. २०२४ च्या उन्हाळ्यात क्लब वाचवायला याच प्रेक्षकांनी वर्गणी काढली होती. आजोबांनी पेन्शनमधून दिली, माझ्या मुलीने गुल्लक फोडली. वर्गणी देणाऱ्याला मत नाही, हा हिशेब आमच्या पेठेत कुणालाच पटला नसता.

एका क्लबकडून किती खेळाडू लोनवर घ्यावेत याबद्दल मी वेगळं काही मागत नाही. फिफाने आता एका वेळी तीनची मर्यादा घातली आहे. ती आमच्या वेळी असती तर मेसन माउंट आला असताच. बाकीची रांग आली नसती आणि आमची घरची पोरं जरा जास्त खेळली असती.

या पत्राला उत्तर छापील नमुन्यात आलं तर मी ते मफलरच्या कपाटात ठेवून देईन, राग धरणार नाही. पण शक्य असेल तर बोलवा. झाइस्टला यायला मला वेळ लागत नाही. सोबत आजोबांना आणेन; त्यांचं वय एक्याऐंशी आहे, पायऱ्या कमी असतील तर बरं. ते किराण्याचं बिल माझ्या पाकिटात आहे. पेन्सिल पुसट झाली आहे, पण आकडे अजून वाचता येतात. तेही आणेन. त्यांनी मला विचारलेला प्रश्न आपल्यासमोर ठेवायचा आहे: हिशेब बरोबर आलाय का?

कळावे, लोभ असावा.

आपला,
तेओ बोस स्टँडमधला एक सीझन तिकीटवाला
अर्नहेम (मूळ गाव कोल्हापूर)

ता. क. — मुलीने मागे लागून एक ओळ लिहायला लावली आहे: "चार नंबर परत देऊ नका." तिला वाटतं तेही आपल्याच हातात आहे. मी अजून तिला खरं सांगितलेलं नाही.